आतल्या खोलीत चालतो म्हणजे ओव्हन बरा झाला असं नाही

पत्र : आमचा इलेक्ट्रिक ओव्हन आठ वर्षांचा आहे. गेले दोन-तीन महिने केक वरून करपतो आणि तळाला कच्चा राहतो. खालचा हीटर लालही होत नाही. त्यात गेल्या दोन आठवड्यांपासून नवीन दुखणं सुरू झालंय. ओव्हन लावून सात-आठ मिनिटं झाली की ईएलसीबी पडतो आणि घरभर अंधार होतो. फक्त वरचा हीटर लावला तर पडत नाही. माझ्या दिरांनी ओव्हनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून तो आतल्या खोलीत चालवून दाखवला. तिथे अर्धा तास चालला, काही पडलं नाही. त्यामुळे ते म्हणतात, ओव्हन ठीक आहे, स्वयंपाकघराचं वायरिंग खराब आहे. एका मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, कॉइल तुटली असेल, जोडून देतो. आमचे हे म्हणतात, टाकून दे आणि नवा घे. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला मल्टिमीटर घरात आहे आणि स्क्रूड्रायव्हर धरायची मला भीती वाटत नाही. हीटर दुरुस्त करावा, बदलावा की ओव्हनच बदलावा?

ताई,

आधी तो दोन पिनचा कन्व्हर्टर काढून टाका आणि ओव्हनचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. पुढचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न हीटरचा आहे, पण मला पत्रातलं दुसरंच वाक्य टोचलं. आतल्या खोलीत ओव्हन अर्धा तास चालला, काही पडलं नाही, म्हणून तो ठीक आहे असं दिरांना वाटतं. मला नेमकं उलटं दिसतं. ईएलसीबीचं काम एकच, फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का हे बघणं. घरातल्या ईएलसीबीवर बहुधा 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. जाण्या-येण्यात तेवढी तफावत पडली की तो खटका पाडतो. तुमच्या स्वयंपाकघरात थोडा करंट न्यूट्रलकडे न जाता ओव्हनच्या पत्र्यात उतरत होता आणि प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून अर्थिंगला जात होता. हिशेबात तूट आली आणि ईएलसीबी पडला. आतल्या खोलीत ती तिसरी पिन जोडलेलीच नव्हती. गळती तशीच होती, फक्त तिला जायला वाट नव्हती. म्हणून हिशेब जुळला आणि ईएलसीबी गप्प बसला. तो अर्धा तास ओव्हनचा पत्रा वाट शोधत होता. कुणी ओल्या हाताने दाराची मूठ धरली असती तर त्याला ती मिळाली असती. तेव्हा ईएलसीबी पडलाही असता, पण माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर.

दिरांचा मान राखून त्यांचं म्हणणं तपासायचं असेल तर सोपा मार्ग आहे. स्वयंपाकघरातल्या त्याच सॉकेटवर तीन पिनची चांगली इस्त्री लावा आणि पंधरा मिनिटं तापू द्या. ईएलसीबी पडला नाही तर सॉकेट आणि वायरिंगवरचा संशय बराचसा उतरतो. शिवाय तुम्हीच लिहिलंय की फक्त वरचा हीटर लावला तर काही होत नाही. सॉकेट तेच, वायर तीच, ओव्हनही तोच. बदलला तो फक्त खालचा हीटर. खालचा हीटर तापत नाही आणि तोच ईएलसीबी पाडतो, या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात. मला वाटतं आजार एकच आहे.

तो कसा, हे कळायला त्या सळीच्या पोटात शिरावं लागेल. बाहेरून दिसते ती स्टीलची नळी, तिला आपण हीटर म्हणतो, पण तापणारी चीज ती नव्हे. तिच्या मधोमध नायक्रोमची बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळून ताणलेली असते. नायक्रोम म्हणजे साधारण 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. तो तापला की त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूला पुढे जळू देत नाही. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड गच्च ठासलेली असते. ही पूड उष्णता पुढे जाऊ देते आणि वीज अडवते. असे दोन्ही गुण एका पदार्थात क्वचितच मिळतात. ओव्हनच्या भिंतीला टेकलेल्या या सळीला हात लागला तरी एरवी शॉक बसत नाही, त्याचं श्रेय या पुडीचं.

आता आठ वर्षं ही सळी दर वेळी तापून फुगली आणि निवून आकसली. कुठे तार जरा बारीक झाली की तिथला रेझिस्टन्स वाढतो, तिथेच जास्त उष्णता होते, आणि जास्त तापल्यामुळे ती तिथेच आणखी झिजते. शेवटी तुटते. तुटताना बऱ्याचदा ठिणगी पडते आणि नळीला आतून भोक पडतं किंवा फोड येतो. मग तारेचं तुटकं टोक नळीच्या जवळ येऊन बसतं, भोकातून हवेतली ओल शिरते आणि पूड ती शोषून घेते. तार तुटली म्हणून हीटर तापत नाही. टोक आणि नळी यांच्यातला अडसर कमजोर झाला म्हणून गळती होते. सात-आठ मिनिटांनीच का, तर वरच्या हीटरमुळे ओव्हन तापतो, धातू प्रसरण पावतो, ते टोक केसभर सरकतं, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडही गरम झाल्यावर थंड असतानाइतकी वीज अडवत नाही. ओव्हन पूर्ण गार झाल्यावर टॉर्च घेऊन सळी नीट बघा. काळा-पांढरा फोड, चीर, फुगीर जागा किंवा वितळल्यासारखा डाग दिसला तर मीटर न लावताही निदान झालं. काही दिसलं नाही तर मात्र सळीला निर्दोष सोडू नका. पुष्कळ सळ्या बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेल्या असतात.

जोडून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकबद्दल. जुन्या उघड्या कॉइलच्या शेगडीत तार तुटली की दोन टोकं पिळून लोक काम भागवायचे. तो त्याच सवयीने बोलला असेल. बंद नळीतली तार जोडता येत नाही. नळी कापली की पूड सांडली, आणि ती पुन्हा कारखान्यासारखी ठासता येणार नाही. डाग द्यायचा म्हणाल तर शिसं-कथलाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं, आणि लाल दिसणारी सळी 500 अंशांच्या पलीकडे गेलेली असते. छोट्या ओव्हनमध्ये काचेच्या नळीत मोकळी कॉइल असते, ती जोडता येईल असं दिसतं खरं. पण तुटलेली टोकं एकमेकांवर पिळली की तार आखूड होते, रेझिस्टन्स घटतो, ओढला जाणारा करंट वाढतो आणि ती सांध्यापाशी पुन्हा जळते. तेव्हा दुरुस्ती म्हणजे इथे बदलणंच. फक्त बदलण्याआधी मोजा, एवढा माझा हट्ट आहे.

हट्ट का, तेही सांगते. या कामात मी नवखी होते तेव्हा खालून न तापणाऱ्या एका ओव्हनसाठी मी न मोजता नवी सळी मागवली. बसवली. ओव्हन थंडच. मग पाहिलं तर जुनी सळी ठणठणीत होती. तिच्या मागच्या टोकावर वायरचा लग, म्हणजे वायरीला सळीच्या पिनेशी जोडणारी धातूची पकड, सैल होऊन जळला होता आणि करंट सळीपर्यंत पोचतच नव्हता. ती जास्तीची सळी आजही माझ्याकडे पडून आहे.

मोजण्याआधी तीन गोष्टी. तुमचा ओव्हन जर मायक्रोवेव्हही करणारा, म्हणजे कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर त्याचं कव्हर उघडू नका. त्यात दोन हजार व्होल्टच्या वर चार्ज होणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. तिथे फक्त शिकलेल्या माणसानेच हात घालावा. दुसरं, ओव्हन प्लगचा नसून थेट भिंतीतल्या वायरींना जोडलेला असेल तर नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. बटण कधीकधी न्यूट्रल तोडतं आणि फेज आत तशीच राहते. एमसीबी पाडा, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग ओव्हनच्या टोकांना लावून बघा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं तो टेस्टर चालू आहे हे पाहिल्यावरच म्हणता येतं. तिसरं, पत्र्याच्या कडा पात्यासारख्या असतात आणि भिंतीत काचेच्या लोकरीसारखं भरण असतं. जाड हातमोजे आणि तोंडाला मास्क हवा.

आता मीटर. खालची सळी आतून काढायची की मागचं कव्हर उघडून, हे ओव्हनवर अवलंबून आहे. आतून निघणाऱ्या सळीला भिंतीपाशी दोन-तीन स्क्रू असतात. ते सोडवून सळी हळूच पुढे ओढली की मागची टोकं आणि वायरी दिसतात. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. लग वायरीला धरून ओढू नका, पक्कडीने लगच धरून सरळ काढा. किमान एक टोक सुटलं की मीटर ओहमवर, 200 च्या पट्टीवर ठेवा आणि दोन टोकांमध्ये लावा.

किती यायला हवं, हे सळीवर किंवा ओव्हनच्या पाटीवर लिहिलेल्या वॉटेजवरून काढता येतं. व्होल्टचा वर्ग करा आणि वॉटने भागा. 230 व्होल्टला 1000 वॉटची सळी असेल तर 230 गुणिले 230 भागिले 1000, म्हणजे साधारण 53 ओहम. 800 वॉटला 66, 1200 ला 44, 2000 ला 26. तुमच्याकडे वीज 120 व्होल्टची असेल तर 1200 वॉटला 12 ओहमच येतील, घाबरू नका. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं. मीटरने नुसता डावीकडे 1 किंवा ओएल दाखवलं तर तार तुटली. आकडा अपेक्षेच्या निम्माच आला तर आत कुठेतरी तार तारेला चिकटली आहे.

खाली दोन सळ्या असतील तर एक लक्षात ठेवा. काही ओव्हनमध्ये त्या एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. एक गेली की दोन्ही गार पडतात, आणि दोषी कोण हे प्रत्येकीला सुटी मोजल्यावरच कळतं. अशा सळीवर 115 व्होल्ट छापलेलं असू शकतं. ती चुकीची नाही, दोघी मिळून 230 वाटून घेतात.

मग गळती. मीटर सर्वांत मोठ्या पट्टीवर, मेगाओहमवर ठेवा. एक टोक सळीच्या पिनेला, दुसरं तिच्या स्टीलच्या नळीला. दोन्ही वायरी सुटलेल्या हव्यात आणि तुमची बोटं मीटरच्या धातूच्या टोकांना लागलेली नकोत, नाहीतर मीटर तुमचाच रेझिस्टन्स दाखवेल. इथे काहीच यायला नको. कुठलाही आकडा स्थिर झाला तर सळी रद्द. मात्र मीटरला काही दिसलं नाही म्हणून गळती नाहीच असं समजू नका. त्याच्या पोटात जेमतेम 9 व्होल्टची बॅटरी असते. 230 व्होल्टला जी पूड हार मानते ती 9 ला मानेलच असं नाही. मेकॅनिककडे 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारा मीटर असतो, त्यावर चांगल्या सळीने एक मेगाओहमच्या वरच राहायला हवं. तुमच्या बाबतीत सळी तापत नाही हेच इतकं स्पष्ट आहे की मेगरवाचून अडेल असं वाटत नाही.

सळीचा आकडा बरोबर आला आणि नळीला गळतीही नाही, तर माझ्यासारखी नवी सळी घेऊ नका. लग जळलाय का बघा, जवळची वायर काळी-कडक झाली आहे का बघा, मग सिलेक्टरच्या बटणाकडे जा. ‘वर’, ‘खाली’, ‘दोन्ही’ असं फिरवताना आतला खालच्या सळीचा संपर्क तुटला असू शकतो. थर्मोस्टॅटवर लगेच संशय घेऊ नका. तो गेला की बहुधा वर-खाली दोन्ही बाजू बंद पडतात. तुमची वरची चालते आहे.

नवी सळी मागवताना ओव्हनचा मॉडेल नंबर लागतो. तो दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला किंवा पाठीमागच्या पाटीवर असतो. त्याशिवाय जुनी सळी समोर ठेवून लांबी, वाकणं, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पिनेचा प्रकार ताडून बघा. दुकानदार जास्त वॉटची घ्या, लवकर तापेल असं म्हणाला तर घेऊ नका. वाढलेला करंट तुमच्या जुन्या बटणातून, थर्मोस्टॅटच्या संपर्कांतून आणि वायरीतून जाणार आहे, आणि ते जुन्या आकड्यासाठी बनलेले आहेत. व्होल्टेज तर चुकताच कामा नये. 120 ची सळी 230 ला लावली तर ती जवळजवळ चौपट वॉट ओढते आणि लवकरच जळते.

बसवणं सोपं आहे, उलट्या क्रमाने फोटो बघत. पण दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे सळी काढली की वायरी भोकातून मागे निसटतात आणि भरणात गडप होतात. मग ओव्हन उलटा करून सगळं मागचं कव्हर उघडावं लागतं. लग सुटल्याबरोबर वायरीला कपड्याचा चिमटा लावून ठेवा. दुसरं म्हणजे लग. काळा, सैल किंवा ठिसूळ लग पुन्हा वापरला तर नवी सळीही तिथेच जळेल. नवा लग निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा घ्या आणि क्रिंपिंगच्या पक्कडीने आवळा. साधा पितळी लग किंवा सोल्डर इथे टिकत नाही. वायर बदलायची वेळ आली तर साधी पीव्हीसीची वायर चालणार नाही. तिचं वेष्टन बहुधा 70 अंशांपुरतं असतं. सिलिकॉन किंवा काचेच्या धाग्याच्या वेष्टनाची घ्या. हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची वायर पत्र्याला जिथे स्क्रूने लागलीय, तिथला गंज पॉलिशपेपरने खरडून ती घट्ट बसवा. आजवर तुम्हाला वाचवलंय ते तिने.

सगळं बंद केल्यावर वीज सुरू करायच्या आधी मीटरने प्लगच्या फेज पिनेपासून अर्थ पिनेपर्यंत मोजा, ओव्हनचं बटण ‘दोन्ही’वर आणि थर्मोस्टॅट चालू ठेवून. इथेही काही यायला नको. मग तीन पिनचा प्लग, स्वयंपाकघरातलं सॉकेट आणि ईएलसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण एकदा दाबून तो पडतो ना हे बघणं. पडला की पुन्हा वर करा. ओव्हन रिकामा, 200 ते 220 अंशांवर अर्धा तास, खिडकी उघडी. थोडा धूर आणि वास येईल, नव्या सळीवरचं तेल जळतं. सळी सतत लाल राहणार नाही; थर्मोस्टॅट तिला अधूनमधून तोडतो आणि जोडतो, टक असा आवाज येतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. सळी कधीच विझत नसेल तर मात्र बंद करा. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले असतील.

नव्या सळीनंतरही ईएलसीबी पडला तर मला लिहा, पण तेव्हाही अर्थची पिन काढून पाहू नका.

तुमच्या यजमानांच्या मताला मी उडवून लावत नाही. वायरींचं वेष्टन हात लावताच भुगा होत असेल, आतला पत्रा गंजून पोकळ झाला असेल, दार नीट मिटत नसेल किंवा या मॉडेलची सळी मिळतच नसेल तर आठ वर्षांच्या ओव्हनवर वेळ घालवू नका. यातलं काही नसेल तर मात्र एका सळीसाठी अख्खा ओव्हन टाकणं मला पटत नाही. सळी ही झिजायचीच वस्तू आहे आणि ती स्क्रूने बसवतात ती म्हणूनच.

आणि एक विचारायचं राहिलं. ओव्हनच्या तळाला, सळीखाली किंवा सळीवर, ॲल्युमिनियमची फॉइल अंथरता का? गळालेलं पडू नये म्हणून पुष्कळजण अंथरतात. ती उष्णता सळीवरच परत फेकते, सळीला चिकटते आणि जिथे चिकटली तिथे सळी फुटते. नवी बसवल्यावर तिथे फॉइल नको. गळायचं ते ट्रेमध्ये गळू दे, जाळीच्या खालच्या खणात. साफ करताना फवारा सळीवर मारू नका, ओलं फडकं पिळून तळ पुसा.

काम एकटीने होईल, पण वायरी निसटू नयेत म्हणून मागे टॉर्च आणि चिमटा धरायला एक माणूस असला तर बरं. दिरांना बोलवा. मीटर मात्र तुमच्या हातात ठेवा.